शेवाळापासून प्रथिने : एक घरगुती हिशोब
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या दोन सभांपासून आपल्या मंडळात एकच चर्चा चालू आहे. मंडळाच्या बचतीतील रक्कम घालून शेवाळाचे टाके बांधावे की नाही? या शेवाळाला बाजारात स्पिरुलिना म्हणतात. टाके बांधून देणारे जे गृहस्थ आपल्याकडे येऊन गेले, त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, या शेवाळात डाळीच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. दुसरी, २० फूट लांब व १० फूट रुंद टाक्यातून रोज १ किलो सुकी भुकटी निघते. आणि तिसरी, निघालेला सगळा माल ते स्वतःच विकत घेतील. माझ्या धाकट्या जावेच्या परसात असे एक लहान टाके वर्षभर आहे व त्याची निगा आम्ही दोघी राखतो, म्हणून कार्यकारिणीने मला या विषयावर बोलावयास सांगितले.

तीन गोष्टींपैकी पहिली गोष्ट खरी आहे, ती आधी कबूल करते. वाळलेल्या १०० ग्रॅम स्पिरुलिनात सुमारे ५७ ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२, मुगाच्या डाळीत २४, शेंगदाण्यात २५. एका अंड्यात ६. तेव्हा तोळ्यास तोळा तोलून पाहिले तर शेवाळाच्या तोडीचे धान्य आपल्या डब्यांत नाही. पण तोळ्यास तोळा आपण खातो का, हा पुढचा प्रश्न आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पुष्कळ जणींना वाटते की ही वस्तू नवी, कारखान्यातली, कोणा शास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेली. तसे मुळीच नाही. हे बायकांच्या घमेल्यातून आलेले अन्न आहे.

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी चाड नावाचा देश आहे. तेथील मोठ्या सरोवरालाही चाड हेच नाव. त्या सरोवराच्या ईशान्येस कानेम नावाचा वाळूचा मुलूख आहे. वाळूच्या टेकड्यांमध्ये सखल जागी पाणी साठते, उन्हाने आटते, आणि जमिनीतला सोडा पाण्यात उतरून ते पाणी खारे व साबणासारखे बुळबुळीत होते. त्यात मासळी नीट जगत नाही, दुसरी वनस्पती वाढत नाही. पण हे एक शेवाळ मात्र त्यातच माजते, कारण बाकीच्यांना जो सोडा मारतो तो याला मानवतो. तेथील कानेम्बू जमातीच्या स्त्रिया कित्येक पिढ्यांपासून ते गोळा करीत आल्या आहेत. त्याला त्या दिहे म्हणतात.

हे काम फक्त बायकांचे. पुरुष पाण्यात उतरला तर तळे वांझ होईल अशी तिकडे समजूत आहे. (आपल्याकडे नेमका उलटा न्याय असतो, विटाळ आपल्यालाच!) पहाटे बायका घमेली घेऊन पाण्यात उतरतात. वाऱ्याने शेवाळाचा दाट थर काठाशी लोटलेला असतो, तो घमेल्याने भरून काठावरच्या वाळूत ओततात. वाळूच चाळणी. पाणी खाली झिरपून जाते व वर हिरवा लगदा राहतो. तो हाताने सारखा करून त्याच्या वड्या पाडतात, अर्धवट सुकल्या की उचलून चटईवर उन्हात घालतात. आपण वाळवणे घालतो त्यातलाच प्रकार.

आणि खातात कशी? तेथील मुख्य अन्न बाजरी. बाजरीच्या पिठाचा घट्ट उंडा करतात. दिहेची वडी कुटून पाण्यात कालवतात, वाळू तळाशी बसली की वरचे पाणी निवळून घेतात, आणि त्यात टोमॅटो, मिरची, कांदा, भेंडी, असेल तर मासळी किंवा मटण घालून त्याचे कालवण करतात. ते उंड्यावर ओतून जेवतात. एका माणसाच्या पोटात एका जेवणात साधारण १० ते १२ ग्रॅम दिहे जाते असे अभ्यास करणाऱ्यांनी लिहिले आहे. हा आकडा आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे त्याचे काम आहे. १० ते १२ ग्रॅम म्हणजे सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. म्हणजे एक अंडे.

गरोदर बायका तर वडी नुसतीच खातात. तिच्या काळ्याहिरव्या रंगामुळे पोटातले मूल चेटक्याच्या नजरेस पडत नाही अशी त्यांची श्रद्धा. आपण तान्ह्या मुलाला काजळाची तीट लावतो, त्या ती पोटातच लावतात म्हणा ना.

बाहेरच्या जगाला हे कळले फार उशिरा. १९४० साली डांजार नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या वड्यांवर एक टिपण लिहिले, पण ते दिवस महायुद्धाचे, कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९६४-६५ साली बेल्जियमच्या एका सफरीबरोबर गेलेले लेओनार नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेथील बाजारात हिंडत असता त्यांना या हिरव्या वड्या दिसल्या, आणि मग युरोपात चर्चा सुरू झाली. बाजारात बसलेल्या त्या बाईला मात्र आपण काय विकतो ते आधीपासून ठाऊक होते.

तेथील कोसोरोम नावाच्या एका तळ्याचा अभ्यास होऊन २००० साली तो प्रसिद्ध झाला. त्या एका तळ्यातून वर्षाला सुमारे ४० टन दिहे निघते, त्याची तेथील बाजारात किंमत १ लाख डॉलरांहून अधिक होते, आणि माल शेजारच्या देशांतही जातो, असे त्यात दिले आहे. पुढे २००७ ते २०१० या काळात युरोपीय देशांच्या पैशाने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने तेथील बायकांना सुधारलेली रीत शिकवली. वाळूऐवजी कापडातून गाळावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, जमिनीऐवजी जाळीवर सुकवावे. माल तोच, पण दाताखाली वाळू येत नाही, आणि म्हणून भाव अधिक. एवढ्याशा सुधारणेने भाव वाढतो हे आपण पापडाच्या धंद्यात पाहिलेच आहे.

मेक्सिको देशातही हेच होते. आजचे मेक्सिको शहर ज्या सरोवरावर उभे आहे तेथे १५२१ साली स्पॅनिश लोकांनी राज्य बुडवले, तेव्हा त्यांच्या एका शिपायाने बाजारात अशा वड्या विकताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. नंतर सरोवर उपसले गेले, खाणे विसरले. पुढे तेथे एका सोड्याच्या कारखान्याच्या तळ्यात हेच शेवाळ माजलेले आढळले व १९७० नंतर कारखान्याने त्याची भुकटी विकावयास सुरुवात केली. तो कारखानाही आता बंद झाला आहे.

आता आपल्या घराजवळचे. आपल्या जिल्ह्यातले लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेले, पाणी खारे आणि सोड्याचे. त्याचा हिरवा रंग पुष्कळ अंशी याच जातीच्या शेवाळामुळे असतो असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झाले, ते मात्र खारात वाढणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. कमळजादेवीच्या दर्शनाला आपण सगळ्या जाऊन आलो आहोत, पण आपल्याकडच्या कोणा बाईने ते शेवाळ खाल्ल्याचे मी म्हाताऱ्या माणसांकडूनही ऐकलेले नाही. आणि कोणी आता उत्साहाने तेथून बादली भरून आणू नये. एक तर ते अभयारण्य आहे. दुसरे म्हणजे उघड्या तळ्यात कोणत्या जातीबरोबर कोणती जात मिसळली आहे हे डोळ्यांना कळत नाही. गावतळ्यावर उन्हाळ्यात जो हिरवानिळा तवंग येतो, त्यात काही जाती विषारी असतात, त्यांचे विष यकृतावर जाते, असे पाणी पिऊन गुरे मेल्याची उदाहरणे आहेत. हिरवे ते सगळे खाण्याजोगे नव्हे.

शेवाळ खाऊन जगाची भूक भागवावी हा विचारही जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात धान्याची टंचाई, लोकसंख्या वाढती. तेव्हा अमेरिकेत आणि जपानात क्लोरेला नावाच्या दुसऱ्या एका शेवाळावर मोठे प्रयोग झाले. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९५३ साली त्यावर एक ग्रंथ काढला, जपानात तामिया नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याची तळी केली. आता शेतीची गरजच उरणार नाही असे वर्तमानपत्रांनी लिहिले. झाले काय? क्लोरेलाचा कण फार बारीक, तो पाण्यातून वेगळा काढणे खर्चाचे. त्याला टणक कवच, ते फोडल्याखेरीज माणसाच्या पोटात नीट पचत नाही. चव कडसर. हिशोब मांडला तर प्रथिने सोयाबीनपेक्षा कितीतरी महाग पडू लागली. तेवढ्यात १९६० नंतर गव्हा-तांदळाच्या नव्या जाती आल्या आणि क्लोरेलाकडे भुकेचे औषध म्हणून पाहणे लोकांनी सोडून दिले. जपानात ते गोळ्यांच्या बाटलीत जाऊन बसले. गरिबाच्या ताटासाठी निघालेली वस्तू श्रीमंताच्या बाटलीत कशी जाते याचा हा मासला आहे.

स्पिरुलिना या बाबतीत क्लोरेलाहून चांगले. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर तो वळणावळणाचा धागा दिसतो, आपल्या चकलीची एक ओळ उलगडावी तसा. धागा असल्यामुळे तो कापडात अडकतो, गाळता येतो. त्याचे कवच मऊ, पोटाला जड नाही. शास्त्रज्ञ आता त्याला खरे शेवाळही म्हणत नाहीत, जिवाणूंच्या कुळात धरतात, पण आपल्या कामाला शेवाळ हा शब्द पुरे.

आता टाक्याविषयी. आमचे टाके १० फूट लांब, ५ फूट रुंद. विटांचा एक थर मांडून आत शेततळ्याचा कागद अंथरला आहे. पाणी वीतभरही नाही, ६ इंच. एवढ्यात साधारण ७०० लिटर पाणी मावते. त्यात सुमारे ६ किलो खाण्याचा सोडा, साडेतीन किलो मीठ, आणि थोड्या प्रमाणात सोरा व इतर क्षार लागतात. नत्रासाठी युरियाही चालतो, पण चिमटीचिमटीने. तो जास्त झाला की त्याचा अमोनिया होतो आणि सगळे टाके मरते. क्षार शुद्ध प्रतीचे घ्यावे, खताच्या गोणीतले नव्हे, कारण जे पाण्यात जाईल ते पोटात येईल.

बी म्हणून जे घालायचे ते विरजणासारखे. माझ्या पुतणीने तिच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून २ लिटर आणले. ते एकदम टाक्यात ओतले तर उन्हाने पांढरे पडते. म्हणून आधी एका बादलीत वाढवावे, मग टबात, मग टाक्यात. विरजण थोडे आणि दूध फार झाले तर दही लागत नाही, तेच.

रोजचे काम असे. दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ केरसुणीने पाणी ढवळायचे, म्हणजे खालचा धागा वर येतो व सगळ्यांना सारखे ऊन मिळते. वर बारीक जाळी, डास व पाला पडू नये म्हणून. आठवड्याला कागदाच्या पट्टीने पाण्याचा अल्कलीपणा पाहायचा. पट्टीवर १० च्या आसपास रंग आला पाहिजे. तो फार उतरला की दुसरी शेवाळे घुसतात. ऊन त्याला प्रिय, पण तेही बेताने. पाणी ३५ अंशांच्या आसपास असेल तर खूष. २० च्या खाली गेले की वाढ जवळजवळ थांबते. ४० च्या वर जाऊ लागले की नुकसान. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हिरवी जाळी ताणावी लागते, डिसेंबरात रात्री प्लास्टिक घालून ऊब धरावी लागते, आणि पावसाळ्यात सर आली की धावत जाऊन टाके झाकावे लागते, नाहीतर पावसाचे पाणी शिरून सोडा पातळ होतो. वाळत घातलेले कपडे आणि टाके दोन्हींकडे एकाच वेळी धावायला दोन बायका लागतात.

काढणी केव्हा करायची त्याला एक सोपी युक्ती आहे. काठीच्या टोकाला पांढरे झाकण बांधून ते पाण्यात हळूहळू सोडावे. दोन बोटे खोलीवर ते दिसेनासे झाले की शेवाळ दाट झाले. काढणी सकाळीच करावी. सकाळी त्यात प्रथिनांचे प्रमाण जास्त असते, आणि पुढे सुकवायला सगळा दिवस मिळतो. आधी मच्छरदाणीच्या जाळीतून पाणी गाळून किडे काढायचे, मग घट्ट विणीच्या कापडातून. गाळलेले पाणी पुन्हा टाक्यात. कापडात जो गर राहतो तो बांधून वर वजन ठेवायचे. श्रीखंडाचा चक्का आपण करतो तो हाच. निथळल्यावर जो मऊ हिरवा गोळा मिळतो तो सोऱ्यात घालून, शेवेची चकती लावून, ताटावर शेव पाडायची. शेव पाडली म्हणजे लवकर वाळते. गोळा तसाच ठेवला तर बाहेरून सुकतो व आतून नासतो. कडकडीत वाळली की मोडून घट्ट झाकणाच्या बरणीत.

ताज्या गोळ्याला फारशी चवच नसते. वाळल्यावर मात्र एक वास येतो, थोडा मासळीसारखा, तो सगळ्यांना सोसत नाही. आम्ही ताजेच वापरतो. वरण उतरल्यावर त्यात ढवळायचे, थालीपिठाच्या पिठात मळायचे, लसणीच्या चटणीत कुटायचे. ताजे फार टिकत नाही, थंड पेटीत दोन दिवस. आमच्याकडे पिठले पहिल्यांदा हिरवे झाले त्या दिवशी पुरुषमंडळी काही न बोलता जेवून उठली, यावरून काय ते समजावे. आता सवय झाली आहे.

आता मुद्द्याचा हिशोब. तो सातवीच्या गणितात बसेल एवढाच आहे, तेव्हा प्रत्येकीने घरी करून पाहावा.

आम्ही वहीत रोजची नोंद ठेवली. मार्च ते मे या चांगल्या उन्हात आमच्या ५० चौरस फुटांतून दिवसाला सरासरी २५ ग्रॅम सुकी शेव पडली. डिसेंबर-जानेवारीत ८ ते १०. पावसाळ्यात कधी १५, कधी काहीच नाही. २५ ग्रॅम शेवेत प्रथिने किती? सुमारे १४ ग्रॅम. दोन अंडी आणि वर थोडे. म्हणजे भर उन्हाळ्यात, रोज सकाळचा एक तास दोन बायकांनी घालून, दोन मुलांना एकेका अंड्याएवढी प्रथिने मिळतात. हे कमी नाही. पण हे अमृतही नाही.

जमिनीच्या हिशोबाने पाहिले तर मात्र हे शेवाळ फार मोठे आहे, आणि शास्त्रज्ञांना त्याचा मोह का पडतो ते त्यावरून समजते. आपल्याकडे एकरी ५ क्विंटल सोयाबीन झाले तर त्यात सुमारे २०० किलो प्रथिने, तीही एका हंगामात. एकरभर जागेत अशी टाकी असली आणि आमच्यासारखीच उतरली, तर दिवसाला सुमारे २२ किलो शेव, त्यात साडेबारा किलो प्रथिने. म्हणजे सोयाबीनच्या हंगामाची प्रथिने सोळा दिवसांत! शिवाय नापीक, खारवट जमीनही चालते. पण सोयाबीन पेरले की ते मातीतले खाऊन उन्हापावसावर वाढते. टाक्यात एकेक चिमूट आपणच विकत आणून घालायची, कागद, विटा, जाळी, आणि रोजचे दोन हात. म्हणून जागेच्या दृष्टीने स्वस्त आणि पैशाच्या दृष्टीने महाग, अशी ही वस्तू आहे. चाडच्या बायकांना ती परवडते, कारण त्यांचा सोडा निसर्गाने फुकट घातला आहे.

आता गोळ्यांकडे वळते. आपल्यापैकी चार-पाच जणींनी प्रथिनांसाठी म्हणून या गोळ्यांच्या बाटल्या घेतल्या आहेत. अर्ध्या ग्रॅमच्या ६० गोळ्या, म्हणजे सगळी बाटली ३० ग्रॅम. त्यात प्रथिने १७ ग्रॅम. एवढी प्रथिने ७० ग्रॅम मुगाच्या डाळीत असतात. एक लहान वाटी डाळ म्हणजे एक बाटली! दिवसाला दोन गोळ्या घेतल्या तर अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक प्रथिने मिळतात. आणि ५५ किलो वजनाच्या बाईला, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या आकड्याप्रमाणे, दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. कानेम्बू बाई कालवणात १२ ग्रॅम घालते, आपण १ ग्रॅम गिळतो, आणि गुण मात्र तिच्या ताटाचे वाचतो.

गोळी अगदीच निरुपयोगी असे मी म्हणत नाही. त्यात अ जीवनसत्त्व तयार होण्याचे द्रव्य भरपूर असते. तमिळनाडूत लहान मुलांना रोज १ ग्रॅम स्पिरुलिना देऊन, अ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांत पडणारे डाग कमी झाल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले आहे. चिमटीएवढ्याने जे काम होते ते होते. प्रथिनांचे काम चिमटीने होत नाही. लोहाचेही तसेच. दोन गोळ्यांतून पाव मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळते, आणि आपली गरज २९ मिलिग्रॅमची.

बाटलीवर ब-१२ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. शाकाहारी भगिनींनी हे मुद्दाम ऐकावे. या शेवाळात जे ब-१२ दिसते त्यातले बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही, ते त्याच्यासारखे दिसणारे निराळे द्रव्य आहे. तेव्हा या भरवशावर डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करू नये. ज्यांना फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा जन्मजात आजार आहे त्यांना हे चालत नाही. सांधे सुजण्याचा आमवातासारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आता त्या गृहस्थांच्या उरलेल्या दोन गोष्टी. २० बाय १० फुटांचे टाके म्हणजे आमच्या चौपट. आमच्या हाताने त्यातून भर उन्हाळ्यात १०० ग्रॅम निघतील. जाणत्या, शिकलेल्या माणसाने उत्तम निगा राखली तर १५० धरू. ते म्हणाले १ किलो. मी त्यांना सभेतच विचारले होते, ओला की वाळलेला? ते म्हणाले, वाळलेला. भगिनींनो, ओला धरला तरी एवढा बसत नाही, कारण १ किलो ओल्या गोळ्याचे सुमारे २०० ग्रॅम वाळतात.

विकत घेण्याचा करार माझ्या पुतणीने मला दोनदा वाचून दाखवला. त्यात लिहिले आहे की माल दर्जास उतरल्यास घेतला जाईल. दर्जा कोण ठरवणार, ते. तपासणीचा खर्च कोणाचा, आपला. बी आणि क्षार कोणाकडून घ्यायचे, त्यांच्याकडूनच. आणि पैसे सगळे आधी. आपल्या मंडळाच्या खात्यात जे आहे ते तेरा वर्षांच्या बिशीचे आणि दिवाळीच्या फराळाच्या कामाचे आहे. त्यात शांताकाकूंसारख्या ज्यांनी महिन्याचे वीस रुपये कधी चुकवले नाहीत त्यांचा वाटा आहे.

माझे मत असे की त्या कागदावर सही करू नये. पण शेवाळही टाकून देऊ नये. मंडळाने आमच्याएवढेच एक टाके स्वतःच्या खर्चाने, आपल्या मंडळाच्या मागल्या अंगणात करावे. विरजण आम्ही देऊ. एक सबंध वर्ष, थंडी आणि पावसाळा धरून, चालवावे आणि वही ठेवावी. या वर्षात जे निघेल ते विकायचे नाही, आपणच खायचे. विकायचे झाले तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, आणि मालात जड धातू वा दुसरे शेवाळ नाही हे प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे लागते. त्याचा खर्च किती येतो ते चिटणीसबाईंनी पुढल्या सभेपर्यंत विचारून ठेवावे. गिऱ्हाईक आधी, टाके मग. पापडाच्या वेळी आपण आधी दुकानदारांकडे फिरलो होतो, मग लाटणी हाती घेतली होती.

अध्यक्षीणबाईंनी हा ठराव मतास टाकावा अशी माझी विनंती आहे. त्याआधी ज्यांना टाके डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी येत्या मंगळवारी सकाळी साडेसहाला माझ्या जावेकडे यावे. त्या दिवशी काढणी आहे. उशीर करू नये, आठपर्यंत शेव पाडून होते. येताना प्रत्येकीने घट्ट विणीचे, साबण न लावता उकळत्या पाण्यात धुतलेले एक पांढरे फडके आणावे. सोऱ्या आमच्याकडे दोन आहेत.